तीन खळ्यांवर एकच गाणं

झेंडा चढला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. हात्सुए स्वतः बघत उभी होती, त्यामुळे यात तिला खोटं पाडायला कुणी जाऊ नये. सोसायटीच्या माणसानं टेकाडावरून समुद्र न्याहाळला, परवानगीचं पांढरं निशाण वर ओढलं, आणि खाली दबा धरून बसलेल्या सगळ्या होड्या एकदम सुटल्या. कोम्बूच्या हंगामात असंच असतं. समुद्राच्या तळचा हा खायचा पाला सगळ्यांचा, पण सकाळची मुभा मोजकी. जो आधी पोचला त्याच्या काठीच्या आकड्याला लांब पट्टे लागतात. मागून आलेल्यानं बुटके खरडत बसावं.

तिचा मोरिओ पुढच्या होड्यांत होता. हात्सुएनं ते पाहून घेतलं आणि मग सुनेकडे वळली. "बघितलंस? बापासारखा सुटतो. आता बापासारखं कामही केलं म्हणजे झालं."

इकुयो दाताळ्यानं खळ्यावरची खडी सारखी करत होती. याच खडीवर ओल्या कोम्बूचे पट्टे अंथरून वाळवायचे होते. डोक्याला फुलाफुलांचं फडकं, आणि पोट आता दिसायला लागलेलं. "आई, बाबा दुपारी झोपायचे असं तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"झोपायचे. काम करून झोपायचे."

"हेही दमून येतात की."

"लगेच नवऱ्याची बाजू. खडी नीट कर. मधे टेंगूळ राहिलंय तिथे."

इकुयो हसली, दाताळं टेकवून ठेवलं आणि टेम्पोच्या खिडकीतून आत वाकून कॅसेट लावली. तो टेम्पो आधी एका फिरत्या भाजीवाल्याचा होता. मोरिओनं तो जुना घेतला तेव्हा टपावरचा कर्णा आणि आतला माइक त्याच्यासकट आला. भाजीवाला त्यावरून मुळे आणि कोबी विकायचा. आता त्यावरून साएगुसा इओ गायची.

ही साएगुसा म्हणजे हातात गिटार घेऊन स्वतः लिहिलेली गाणी स्वतःच म्हणणारी एक किडकिडीत पोरगी. तिचं ते बंदरावरच्या शेवटच्या बसचं गाणं लागलं की अख्खा किनारा खुळा व्हायचा. एक मुलगी बसमागे पळते, बस थांबत नाही, एवढंच त्यात आहे. गेल्या वर्षी ती कुशिरो शहरात आली तेव्हा गावातल्या बायकांनी बस भरून नेली. हात्सुए गेली नाही. "रडायचंच असेल तर माझ्या घरी कांदे आहेत," असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. बायका परत आल्या त्या प्रत्येक जणी तीच कॅसेट छातीशी धरून. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शिगेनंसुद्धा आणली, जिला तोवर देवळातल्या मंत्रांपलीकडे काही ऐकायचं ठाऊक नव्हतं. अलीकडच्या नागायांच्या घरीही आली. या हंगामात तिन्ही खळ्यांवर दिवसभर ती पोरगी बसमागे पळत होती.

त्याआधी असं नव्हतं. खडकांच्या नाकाडांनी वेगळ्या केलेल्या या छोट्या किनाऱ्यांचा आपापला आवाज होता. धुकं उतरलं की हात्सुए तेलाचा रिकामा पिंप लोखंडी गजानं बडवायची. शिगेच्या खळ्यावर जुनी घंटा होती. नागायांकडे हातानं दाबायचा भोंगा होता. समुद्रावरचा माणूस डोळे मिटून सांगायचा, हे आपलं, हे शेजाऱ्याचं. मग गाणी आली. गाण्यांचा आवाज लांब जायचा, आणि गज हाणून खांदा दुखायचा नाही. पिंप गंजला. गेल्या थंडीत हात्सुएनं तो मधोमध कापून घेतला आणि दोन्ही अर्ध्यांत कचरा जाळायला लागली. कुणी बसून असं ठरवलं नव्हतं. झालं ते असं झालं.

आधी लांबचं बेट दिसेनासं झालं.

हात्सुएनं मान वर केली तेव्हा बेटाच्या जागी पांढरं होतं. मग बाहेरचे तरंगते खांब गेले. मग सगळ्यात पुढच्या होड्या एकेक करून पुसल्या गेल्या, आणि ते पांढरं पाण्याला चिकटून किनाऱ्याकडे सरकत आलं. वारा नव्हताच. गार ओल तोंडाला लागली आणि बघता बघता टेम्पोच्या पलीकडचं घरही दिसेना.

"आई."

"दिसतंय मला. आवाज वाढव."

इकुयोनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. साएगुसाचा आवाज धुक्यात घुसला. हात्सुए पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. घाबरण्यासारखं काही नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. या किनाऱ्यावर धुकं पाहुणा थोडंच आहे. मोरिओ पोरवयापासून यातून येतो. आवाज नाकासमोर धरायचा, आवाज पुरता जवळ आला की डावीकडे जोरात वळायचं, कारण उजवीकडे पाण्याखाली खडक आहेत. वळलं की थेट आपली वाळू. हे त्याच्या हातात इतकं मुरलं होतं की झोपेतही त्यानं केलं असतं.

गाणं संपलं, पुढचं लागलं, तेही संपलं. बूट भिजत होते तरी हात्सुए मागे सरकली नाही. इकुयोनं वाफाळता चहा आणून दिला. तो तिच्या हातातच निवून गेला.

मग मशीनचा आवाज आला.

"आला," इकुयो म्हणाली, आणि पोट सावरत पाण्याकडे धावली.

धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. डावीकडे न वळता, पाण्याखालचे खडक कसेबसे चुकवत ती तशीच घुसली, तळ वाळूत घासला, आणि आतून उडी मारून उतरला तो मोरिओ नव्हता. नागायांचा जावई होता, सादाकिची. अंगानं धिप्पाड गडी, पण ओठ पांढरे पडलेले. त्यानं टेम्पोकडे पाहिलं, हात्सुएकडे पाहिलं, पुन्हा टेम्पोकडे पाहिलं.

"हे आमचं खळं नाही?"

"तुमचं कसं असेल? मी काय तुझ्या सासूसारखी दिसते?"

"गाणं आमचं होतं." त्याला धाप लागली होती. "मी गाण्यावर आलो, हात्सुएआजी. आत तिन्हीकडून तेच येतंय. इकडून येतंय म्हणावं तर तिकडूनही येतं. मला वाटलं, घरचं आहे."

हात्सुएच्या हातून चहाची वाटी खाली पडली. खडीवर फुटली नाही, नुसती घरंगळत गेली.

"मोरिओ कुठे आहे?"

"माझ्या पुढे होता. पूर्वेला. शिगेआजीच्या बाजूला म्हणा." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "त्याचं मशीन ऐकलं मी. तो वळत होता असं वाटलं."

शिगेच्या किनाऱ्यावर येताना डावीकडे वळायचं नसतं. तिथे डावीकडे सुळका आहे. गावातले सगळे त्याला नुसता दात म्हणतात. घरच्या गाण्यावर घरच्यासारखा डावीकडे वळलेला माणूस तिथे सरळ त्या दातावर जातो.

इकुयो दोन्ही हात पोटावर ठेवून उभी होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"सादाकिची, घरी पळ," हात्सुए म्हणाली. "तुमच्याकडचं आणखी कुणी पाण्यात आहे?"

"नाही. मी एकटाच होतो."

"मग टेप बंद करा. एक शब्द वाजला तर मी येऊन तो डबा समुद्रात टाकीन. जा." मग सुनेला म्हणाली, "तू इथून हलू नकोस. मी शिगेकडे जाते."

"आई, मी जाते. पायवाट निसरडी आहे."

"तू पोटातल्याला सांभाळ. मी घसरले तर माझं मीच बघेन."

दोन किनाऱ्यांच्या मधे जे नाकाड होतं त्याच्यावरून एक पायवाट जायची. हात्सुए या वाटेवरून चाळीस वर्षं शिगेकडे लोणचं न्यायची आणि भांडण करून परत यायची. आज तिला स्वतःचे गुडघेसुद्धा दिसत नव्हते. गवत धरून ती चढली. मागून साएगुसा गात होती. माथ्यावर पोचली तेव्हा पुढूनही साएगुसा गायला लागली.

तोच आवाज, तीच गिटार, फक्त एक ओळ पुढे. पुढची पोरगी बसला हाक मारायची आणि मागची तीच हाक पुन्हा मारायची. हात्सुए थांबली. श्वास घ्यायला म्हणून ती अर्धी वळली आणि तेवढ्यातच तिचा गोंधळ झाला. कुठलं पुढचं, कुठलं मागचं? कुठे तिचं घर, कुठे शिगेचं? पायाखाली दगड होता, हातात गवत होतं, या वाटेचा खडा न् खडा तिला ठाऊक होता. तरी त्या क्षणी कुणी विचारलं असतं की तुझा किनारा कुठे, तर तिला बोट दाखवता आलं नसतं.

मग जो पाण्यात आहे त्याचं काय होत असेल?

ती खाली बसली. बसूनच घसरत, हातानं चाचपत, ती उताराच्या बाजूनं निघाली. खाली आली ती शिगेच्याच खळ्यावर. पण ते नशिबानं, अकलेनं नव्हे.

शिगे पाण्याशी उभी होती. तिच्यामागे खांबाला बांधलेला कर्णा होता आणि त्याच्याखाली खोक्यावर टेप. दोघी लग्न होऊन एकाच हंगामात या किनाऱ्यावर आल्या होत्या. शिगेनं वळून पाहिलं आणि हात्सुएचा चिखलानं माखलेला झगा पाहून भुवया उंचावल्या.

"काय गं, बुडावर बसून आलीस?"

"शिगे, टेप बंद कर."

"काय?"

"तुझी आणि माझी एकच टेप आहे. नागायांचा जावई माझ्या किनाऱ्यावर लागला, आपला समजून. माझा मोरिओ तुझ्या बाजूला आहे. तो इथे डावीकडे वळेल."

शिगेला कळलं. तिचा चेहरा क्षणभर उतरला, पण हात टेपकडे गेला नाही.

"नोबुताका आत आहे," ती म्हणाली. नोबुताका तिचा धाकटा. "माझा मुलगा हे ऐकून येणार आहे. मी बंद करणार नाही. तुझी तू बंद कर."

"तुझी घंटा आहे ना. ती वाजव. तिचा आवाज त्याला ओळखू येईल."

"घंटा." शिगे शांतपणे म्हणाली. "हिरोतोच्या वेळी मी घंटाच वाजवली होती, हात्सुए. हाताची साल निघेपर्यंत वाजवली. तू इथेच होतीस. तुझ्या फडक्यानं तू माझे हात बांधलेस. आला का तो घंटेनं?"

हिरोतो तिचा थोरला. दातावर त्याच्या होडीची फळी तेवढी सापडली होती.

हात्सुए तिथे उभी राहिली आणि दोघींच्या मधे साएगुसा गात राहिली. शिगेला शिव्या घालता आल्या असत्या, खोक्यावर लाथही मारता आली असती. पण समोर तिच्यासारखीच एक बाई भिऊन उभी होती, आणि तिला तर भीती खरी झालेली ठाऊक होती.

"बरं," हात्सुए म्हणाली आणि वळली.

"सांभाळून जा," मागून शिगे म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं, पण हात अजून टेपच्या पुढे आडवा धरलेला होता, कुणी हिसकावून नेईल तसा.

परत येताना हात्सुएनं विचार केला. आपली टेप बंद केली तर मोरिओला एकटी शिगेचीच ऐकू येणार, मग तो तिकडेच वळणार. चालू ठेवली तर दोन्ही कानांत घर वाजणार. दुसरी कॅसेट घरात होती ती त्याच पोरीची, आणि ती तर गावात सगळ्यांकडे. रेडिओ लावला तर तो रेडिओच, कुणाचाही. पिंप दोन तुकड्यांत परसात पडलेला, आणि त्यात कालची राख. तो आपणच कापून घेतला, हे आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

इकुयो टेम्पोच्या दाराला धरून उभी होती. "बंद केली त्यांनी?"

"नाही. तिचा धाकटा आत आहे." हात्सुएनं आत हात घालून आपली टेप बंद केली. कर्णा गप्प झाला. आता नाकाडाच्या पलीकडून ती बस आणि ती पोरगी एकटीच ऐकू येत होती, आणि स्वतःच्या खळ्यावरची ती शांतता हात्सुएला सहन होईना. माइक ओढून तिनं इकुयोच्या हातात दिला. "तू गा."

"मी?"

"त्याला तुझा आवाज माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या खळ्यावर तू गाणार नाहीस. गा."

"काय गाऊ?"

"ते गा, भांडी घासताना म्हणतेस ते. खिडकीतल्या दिव्याचं."

इकुयोनं तिच्याकडे पाहिलं. ते त्याच साएगुसाचं, कॅसेटच्या अगदी शेवटी असलेलं, कुणाला न आवडणारं गाणं. एक बाई खिडकीत दिवा ठेवते, दोन वाट्या मांडते आणि वाट बघत बसते. हात्सुएनं या घरात त्याला बंदी घातली होती. समुद्रावर जाणाऱ्याच्या घरात असलं अपशकुनी गाणं चालणार नाही, असं म्हणून ती पहिल्या कडव्यानंतर दर वेळी टेप थांबवायची. इकुयो तरी मोरीपाशी पाण्याच्या आवाजाआड ते म्हणायची, आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी वरच्या सुराला दर वेळी तिचा आवाज फाटून ती तिथेच थांबायची. मोरिओ जेवता जेवता तिची नक्कल करायचा.

"तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. गा म्हणते ना."

इकुयो गायला लागली. आवाज कापत होता, पण कर्ण्यातून मोठा होऊन तो पाण्यावर गेला. दिवा ठेवला. वाट्या मांडल्या. वरचा सूर आला आणि नेहमीसारखा फाटला. ती तिथूनच पुन्हा पहिल्या ओळीवर आली. पलीकडून बस, इकडून दिवा. किती वेळा झालं कोण जाणे. मधेच लांब कुठेतरी मशीन खोकलं आणि बंद पडलं. दोघींनी ते ऐकलं. इकुयोचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज बाहेर येईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला तर नुसता हुंदका कर्ण्यातून गेला.

"हं, पुढे," हात्सुए म्हणाली.

"आई, मशीन बंद झालं."

"त्यानं बंद केलं. ऐकायला बंद केलं. पुढे म्हण."

"येत नाही. घसा..."

हात्सुएनं तिच्या हातातून माइक काढून घेतला.

जन्मात तिनं लोकांसमोर गाणं म्हटलं नव्हतं. देवाच्या उत्सवात बायका गोल करून गायच्या तेव्हा ती स्वयंपाकाच्या चुलीशी थांबायची. आता तिनं तोंड उघडलं आणि कर्ण्यातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही, खडीवरून होडी ओढल्यासारखा. पण शब्द आले. सगळे आले. दिवा आला, वाट्या आल्या, वाटीवरची वाफ आली. ज्या गाण्याला बंदी घातली ते भिंतीआडून ऐकून ऐकून तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पुढे ती अडली. शेवट तिनं कधी ऐकलाच नव्हता.

इकुयो डोळे पुसत म्हणाली, "शेवटचं कडवं मला येतं. सांगू का?"

"नको." हात्सुएनं माइकवर हात ठेवला. "तो आला की सांग. आत्ता नको."

आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. दिवा ठेवला. वाट्या मांडल्या. दर वेळी त्याच जागी येऊन ती मागे फिरायची, त्या बाईचा माणूस येतो की नाही ते न बघताच. घसा सोलून निघाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते येऊ दिलं. धुक्यात कुणाला काय दिसणार होतं?

मग पलीकडचं गाणं थांबलं.

एकदम, ओळीच्या मधेच. बस तिथेच अडली. हात्सुएही थांबली. त्या सुन्न पांढऱ्यात काहीच नव्हतं, पाण्याचा चुबुक आवाज तेवढा. इकुयोनं तिची बाही घट्ट पकडली.

आणि घंटा वाजली.

जुनी, किनऱ्या आवाजाची, गाणी आल्यापासून न वाजलेली घंटा. एक ठोका, मग थोडं थांबून दुसरा. शिगेनं नाकाडापलीकडून तिचं गाणं ऐकलं होतं. हात्सुएला ती नवरी असल्यापासून ओळखत होती. जी बाई सणातसुद्धा गात नाही ती कर्ण्यावरून गावभर असलं गाणं म्हणते म्हणजे काय ते तिला कळलं असणार. सोललेल्या हातांची आठवण असूनही तिनं दोरी धरली होती.

हात्सुएनं माइक तोंडाशी नेला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला. एकीकडे घंटा, एकीकडे तिचा खरखरता गळा. आता पाण्यातल्याला दोन घरं वेगळी ऐकू येत होती. आता ऐकणारा आहे का, एवढंच उरलं होतं.

दूरवर मशीन पुन्हा चालू झालं.

ते जवळ आलं, बाजूला गेलं, पुन्हा जवळ आलं. हात्सुए गात राहिली. होडी आणि डावीकडचं वळण तिनं डोळे मिटून कानानंच पाहिलं. तळ वाळूत घासल्याचा आवाज आला तरी ती थांबली नाही. इकुयो पाण्यात धावली तेव्हा थांबली.

मोरिओ उतरला. होडीत कोम्बू नव्हता. सगळा त्यानं टाकून दिला होता. होडीची उजवी कड हातभर खरवडली होती आणि लाकूड आतून पांढरं दिसत होतं. त्यानं बायकोला धरलं, मग आईकडे आला. त्यानं हात खिशात घातले.

"वळलो होतो," तो म्हणाला. "दात समोर आला, फेसासकट. मागे घेतलं, कड लागली. मग मशीन बंद करून बसलो. सगळीकडे तीच बाई गात होती, आई. मला काही कळेना." मग त्याच्या तोंडावर थोडा रंग आला. "आणि मग कुणाची तरी गाय खडकात अडकल्यासारखा आवाज आला. म्हटलं, ही आपलीच."

"माल सगळा टाकलास?"

"टाकला."

"बापानं कधी टाकला नाही," हात्सुए म्हणाली, आणि त्याचं डोकं खाली ओढून तिनं आपल्या ओल्या खांद्यावर दाबून धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

घंटा अजून वाजत होती.

ते तिघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं. मोरिओनं मान उचलली. "नोबुताका माझ्याही बाहेर होता," तो म्हणाला. घरात जाऊन कपडे बदलावेत, सूप गरम करावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. तिघं तिथेच उभे राहिले आणि घंटा मोजल्यासारखी वाजत राहिली. एका ठोक्यानंतर दुसरा यायला उशीर झाला की हात्सुएचा श्वास अडायचा, आणि ठोका आला की सुटायचा.

मग ठोका आलाच नाही.

त्यांनी वाट पाहिली. घंटा दोन कारणांनी थांबते, आणि दोन्ही त्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होती. हात्सुए नाकाडाच्या वाटेकडे निघाली.

दोन पावलं टाकली नसतील, तोच पलीकडून शिगेचा कर्णा खरखरला आणि साएगुसा इओ पुन्हा बसमागे पळायला लागली. अगदी कान फाटेल इतक्या मोठ्यानं. मुलगा पाण्यात असताना आता शिगेनं ती टेप लावली नसती. हे लावणं म्हणजेच नोबुताका आला हे सांगणं होतं.

मोरिओ मटकन खडीवर बसला.

"किती मोठ्यानं लावते ही बया," हात्सुए म्हणाली. घशातून आवाज जेमतेम येत होता. "मोरिओ, उद्या कुशिरोला जाऊन तेलाचा पिंप आण. जाड पत्र्याचा. आणि शिगेला दोरी आण घंटेसाठी, तिची कुजली असेल." मग ती सुनेकडे वळली. "हं. आता सांग. त्या बाईचा माणूस येतो का शेवटी?"

इकुयोनं खाली पाहिलं आणि फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाही येत, आई."

हात्सुएनं धुक्याकडे पाहिलं. मघाशी ते कडवं ऐकलं असतं तर पुढचं तोंडातून निघालं असतं का, कोण जाणे. तिनं वाकून खडीवर पडलेली चहाची वाटी उचलली, झग्याला पुसली.

"तरी म्हटलं," ती म्हणाली. "त्या पोरीला गाणी लिहायचं काही कळत नाही. चल, सूप ठेव. तीन वाट्या काढ."